अण्णांची मरळ आणि पंचाहत्तरीची वाईन

«ताई, नमस्कार. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याच्या काठचं. सासर माहीमचं, आम्ही राहतो मुलुंडला. पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी घरीच करतोय, दहा माणसं आहेत. माझे वडील, अण्णा, म्हणाले, 'मासे मी आणतो.' मरळ, चिलापी आणि एक मोठा रोहू घेऊन ते भिगवणहून रेल्वेने येणार. सासरी पापलेट, सुरमई, रावस, बोंबील, कोळंबी, एवढंच शिजतं. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, 'गोड्या पाण्याच्या माशाला मातकट वास येतो गं, आपण सुरमईच आणू.' मोठे दीर वाईनचे शौकीन. त्यांचं म्हणणं, नदीच्या माशाबरोबर वाईन जातच नाही, आणि द्यायचीच तर बाहेरची व्हाइट द्या. सासऱ्यांना मात्र रेड आवडते. चिलापी मी तळणार, मरळीचं कालवण अण्णा करणार आणि रोहू शेजारच्या बंगाली काकू मोहरी लावून करून देणार आहेत. बाटलीमागे हजारेक रुपये खर्च करू शकते. मला वाईनमधलं काहीच कळत नाही. कोणती घेऊ? अण्णांना त्या दिवशी कमीपणा वाटू नये, एवढंच मनात आहे.»
एक वाचक, मुलुंड

सगळ्यात आधी, सुरमई आणू नका. अण्णा मासे आणतो म्हणालेत ना, मग तेच मासे शिजू द्या. वाईनचं आपण नीट जमवू, ते काम तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. मातकट वासाचं काम त्याहून थोडं जास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

सासूबाई म्हणतात तो वास खरा आहे. जन्मभर खाऱ्या पाण्याची मासळी खाल्लेल्या माणसाला तो पहिल्या घासाला कळतो, त्यात त्यांचा काही दोष नाही. त्या वासामागे मुख्यतः जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. मातीतले जिवाणू आणि संथ पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ ते तयार करतात. मासा ते पाण्यातून अंगात घेतो आणि त्याच्या कातडीत, चरबीत ते साठत जातं. १९६५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं आणि ग्रीक भाषेतल्या माती आणि वास या दोन शब्दांवरून त्याला नाव दिलं. आपलं नाक या द्रव्यासाठी इतकं तीक्ष्ण आहे की लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचे पाच-दहा अब्जांश भाग असले तरी आपल्याला ते जाणवतं. आणि हे तेच द्रव्य आहे, ज्याच्यामुळे जूनमध्ये पहिल्या सरीनंतर जमिनीला वास सुटतो. बीट चिरताना येतो तो वासही त्याचाच. पहिल्या पावसाच्या ज्या वासासाठी आपण धावत जाऊन खिडकी उघडतो, तो आणि चिलापीच्या कातडीतला वास सख्खे भाऊ आहेत. सासूबाईंना हे निवांतपणे, चहा पिताना सांगून बघा. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या वासाबद्दलची माझी अढी निम्मी गेली होती.

समुद्रातल्या मासळीचा वास वेगळ्या कारणाने येतो. खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी त्या माशांच्या अंगात एक द्रव्य असतं, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि बाजारात शिरताच नाकात भरतो तो मासळीचा वास तयार होतो. नदी-तलावातल्या माशात हे द्रव्य जवळजवळ नसतंच. ताजी चिलापी नाकाजवळ धरून बघा, बाजाराचा तो वास तिला येणार नाही. दोन्ही माशांची घडणच निराळी, तर पापलेटवरून शिकलेला वाईनचा नियम मरळीला तसाच कसा लावायचा?

आता स्वयंपाकघर. जिओस्मिनला आंबट सोसत नाही. आम्लात ते मोडतं आणि वास निघून जातो. हे रसायन कुणी शिकवायच्या आधीपासून आपल्या बायका माशाला चिंच, लिंबू, ताक लावत आल्या आहेत. भिगवणला एका खाणावळीच्या मागच्या ओट्यावर मी एका मावशींना मरळ साफ करताना पाहिलं होतं. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात टबात वळवळताना दिसते. अंगावर बुळबुळीत थर असतो. मावशींनी मूठभर राख आणि जाडं मीठ घेऊन तो थर असा घासला की हाताला साबणासारखा फेस आला. मग पोट उघडून आतलं काळं पापुद्र्यासारखं आवरण नखाने सोलून काढलं. 'सगळी माती इथं बसते,' म्हणाल्या. कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ सुरीच्या टोकाने खरवडली, तुकडे चिंचेच्या दाट कोळात आणि हळद-मिठात ठेवले आणि भाकऱ्या थापायला बसल्या. अर्ध्या तासाने तो कोळ ओतून दिला, तुकडे धुतले आणि मग मसाला. त्या दिवशीच्या रश्श्यात मातीचा मागमूस नव्हता.

अण्णांना हे नव्याने सांगायची गरज नसणार. तुम्ही फक्त एवढं करा, मासे तिकडेच पोट साफ करून, थर्माकोलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून आणायला सांगा, म्हणजे प्रवासात पोटातली घाण मांसात उतरत नाही. रोहूचं पोटाकडचं चरबीचं मांस आणि कातडी यांत वास जास्त असतो. पाहुणे नवखे आहेत तर पाठीकडच्या तुकड्या त्यांना द्या. रोहूला मांसात दुहेरी फाट्याचे बारीक काटे असतात, हे जेवायला बसण्यापूर्वी सगळ्यांना सांगून ठेवा. पापलेटची सवय असलेला माणूस काटे शोधत खात नाही.

एवढं झालं की वाईनचा प्रश्न सुटसुटीत होतो. मातीचा वास ओट्यावरच निघून गेलेला असतो, तो झाकायचं काम बाटलीवर पडत नाही. मागे उरतं पांढरं, सौम्य, किंचित गोडसर मांस, ज्याची स्वतःची चव फार बोलकी नसते. ताटात बोलतो तो मसाला. म्हणून माझं सांगणं असं की या माशांना वाईन निवडताना मासा विसरा आणि तीन गोष्टी बघा: पदार्थात आंबट किती, तिखट किती, तेल किती.

आंबटाचा हिशोब असा. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन पाण्यासारखी मिळमिळीत लागते. चिंच किंवा कोकम घातलेल्या कालवणाला म्हणून आंबटसर, चटपटीत वाईनच हवी. तिखटाचं उलट आहे. मद्यार्क जितका जास्त तितकी मिरची जास्त भाजते, आणि रेड वाईनमधला तो डाळिंबाच्या सालीसारखा तुरटपणा तिखटावर पडला की कडू होऊन बसतो. तिखटाला थंडपणा आणि थोडा गोडवा लागतो. तेलाला हवी धार, म्हणजे आंबटपणा किंवा बुडबुडे.

कालवणापासून सुरुवात करू, कारण त्या दिवशीचं मुख्य पान तेच आहे. तुमच्या भागातलं मरळीचं कालवण म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, काळं तिखट आणि चिंच. माहीमच्या घरातल्या ओल्या नारळाच्या कालवणापेक्षा ते तिखट, गडद आणि खमंग असतं. त्याला मी डोळे मिटून शेनिन ब्लाँ देईन, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाईन. दुकानात 'चेनिन' म्हणालात तरी समजतं. आपल्या नाशिककडच्या बहुतेक शेनिनमध्ये आंबटपणाबरोबर एक हलका गोडवा राखलेला असतो. पेरू, पिकलेलं सफरचंद, थोडा मध, असा तिचा वास. तिखटाचा घास गिळल्यावर गार शेनिनचा घोट घेतला की तो गोडवा जिभेवरची आग निवळतो, आणि मागचा आंबटपणा चिंचेच्या आंबटाशी जुळतो. भाजक्या खोबऱ्याचा खमंगपणा मध्ये तसाच टिकून राहतो, आणि मला या जोडीतलं तेच सगळ्यात आवडतं. रीसलिंग ही दुसरी व्हाइट मिळाली तर तीही तितकीच चांगली, थोडी जास्त लिंबासारखी. लेबलवर मद्यार्काचं प्रमाण छापलेलं असतं. कालवणासाठी साडेबारा टक्के किंवा त्याच्या खालची बाटली घ्या, चौदाची नको.

दीरांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती वाद म्हणून न सांगता आनंदाने सांगा. शेनिन ब्लाँ ही मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची आणि रीसलिंग ऱ्हाइनच्या खोऱ्यातली. लुआरकाठी नदीतला मासा लोण्याच्या आंबटसर रश्श्यात करतात आणि शेजारच्याच मळ्यातली व्हाइट वाईन त्याच्यासोबत घेतात. ऱ्हाइनच्या एका काठावरच्या अल्सास प्रांतात नदीतले तीन-चार प्रकारचे मासे रीसलिंगमध्येच शिजवतात. बर्गंडीतही नदीच्या माशांचं व्हाइट वाईनमधलं कालवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. युरोपातले कितीतरी नामांकित द्राक्षमळे समुद्रापासून लांब, नदीच्या उतारांवर आहेत, तिथल्या लोकांच्या ताटात नदीचाच मासा होता आणि पेल्यात घरची वाईन. म्हणजे गोड्या पाण्याचा मासा आणि वाईन यांचं नातं कुणी ओढूनताणून जुळवलेलं नाही.

आणि बाहेरचीच बाटली कशाला? राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली शेनिन आणि सोविन्यों ब्लाँ ही आणखी एक व्हाइट बाजारात आली, तेव्हापासून या दोन्ही द्राक्षांना गोदावरीच्या पाण्यावर वाढून पाव शतक झालं. आयात बाटलीच्या किमतीत कराचा मोठा वाटा असतो. हजार रुपयांत बाहेरची जी बाटली मिळेल, तिच्यापेक्षा त्याच पैशांत इथली चांगली मिळते.

पण तुमच्या घरच्या समारंभासाठी माझ्या मनात आहे ती अकलूजची वाईन. फ्रटेली या वाईन कंपनीचे मळे माळशिरस तालुक्यात अकलूजच्या आसपास आहेत. नीरा नदीच्या या बाजूला तुमचं इंदापूर आणि पलीकडे माळशिरस. आणि पुढे नीरा नरसिंहपूरला, तुमच्याच तालुक्यात, हीच नीरा भीमेला मिळते, ज्या भीमेवर उजनीचं धरण बांधलंय. अण्णांची मरळ भीमेच्या पाण्यातली आणि द्राक्षं नीरेकाठची, दोन्ही पाणी एकाच संगमावर येणारं. इटालियनमध्ये 'फ्रटेली' म्हणजे भाऊ. ही शेनिन ब्लाँ दुकानात असेल तर तीच घ्या आणि बाटली टेबलावर ठेवताना सासऱ्यांना हे सांगा. शक्यतो अण्णा शेजारी बसलेले असताना.

तळलेली चिलापी. तुम्ही रव्यात घोळवून तळणार असाल तर पहिल्या फेरीला स्पार्कलिंग वाईन ठेवा. पाहुणे आले, गरम तुकडे कढईतून थेट ताटलीत, आणि हातात गार बुडबुड्यांचा पेला. तेलकटपणा एका घोटात धुतला जातो आणि पुढच्या तुकड्याला जीभ कोरी होते. लेबलवर 'ब्रूट' लिहिलेली घ्या, म्हणजे गोडी अगदी कमी. नाशिकजवळ दिंडोरीला शँडनची होते, सुलाची आहे, यॉर्कचीही. लिंबू पिळायचं ते माशावर, आणि हलक्या हाताने. जास्त लिंबू पडलं की मघाशी म्हटलं तसं वाईन फिकी पडते. काळं तिखट चिलापीला लावू नका, ते कालवणासाठी राखा. इथे हळद, आलं-लसूण, थोडं लाल तिखट, आमसुलाचं पाणी, पुरे. चिलापी ही आपल्या नद्यांची मूळची नाही, आफ्रिकेतली. १९५२ मध्ये ती भारतात आणली आणि आता तिच्यावाचून भिगवणची थाळी पुरी होत नाही. सत्तर वर्षांत ती इथलीच झाली.

काकूंचा मोहरीचा रोहू. मोहरीची झणझण नाकात जाणारी, मिरचीसारखी जिभेवर रेंगाळणारी नाही. त्यात हिरवी मिरची आणि मोहरीचं कच्चं तेल. याला सोविन्यों ब्लाँ बरी. तिच्यात एक हिरवा, कापलेल्या गवतासारखा, ढोबळ्या मिरचीसारखा वास असतो, तो हिरव्या मिरचीशी गोडीने राहतो. पण एका पदार्थासाठी वेगळी बाटली उघडायची नसेल तर शेनिन इथेही चालून जाईल, मनावर घेऊ नका. काकूंनी दही घातलेला मासा केला तर शेनिनच जास्त शोभेल.

आता सासरे आणि त्यांची रेड. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पंचाहत्तरी त्यांची आहे आणि त्यांच्या हातात त्यांना न आवडणारा पेला देणं मला पटत नाही.

रेड वाईन आणि मासा जमत नाही हा समज उगाच आलेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पार्ल्याला एका मैत्रिणीकडे कटल्याच्या कालवणासोबत मी ओकच्या पिंपात मुरवलेली दमदार शिराझ नेली होती. किमती बाटली, मोठ्या हौसेने निवडलेली. दुसऱ्या घोटालाच तोंडात लोखंडाची चव आली, हापशाच्या दांड्याला जीभ लागावी तशी, आणि माशाचा उग्र वास एकदम वर आला. मासा ताजा होता, वाईन चांगली होती, दोघांनी एकमेकांचं वाटोळं केलं. मैत्रीण काही बोलली नाही, पण तिचं कालवण पानात उरलं आणि मला ते फार लागलं. याचं कारण पुढे समजलं. २००९ साली जपानी संशोधकांनी शिंपल्यांबरोबर साठहून अधिक वाइन्स चाखून पाहिल्या आणि त्यांना आढळलं की तोंडात येणारी ती उग्र चव वाईनमधल्या लोहामुळे येते. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की ती चव ठळक होते. माशातल्या चरबीशी लोहाचा संयोग होऊन ती तयार होते. रेडमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता असते, पण सगळ्याच रेडमध्ये ते जास्त नसतं. लेबलवर हे लिहीत नाहीत, म्हणून चाखूनच बघावं लागतं.

यातून वाट निघते. चरबी कमी तितका धोका कमी, आणि मरळीला चरबी अगदी कमी असते. शिवाय हंगेरीचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. तिथे डॅन्यूब आणि तिसा नद्यांच्या काठी कार्प माशाचं कालवण करतात, हालास्ले म्हणतात त्याला. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. भरपूर कांदा, भरपूर लाल पाप्रिका, रंग असा की आपल्या तर्रीची आठवण यावी. आणि त्याच्यासोबत तिथले लोक कादार्का नावाची रेड पितात. ती हलकी असते, तुरटपणा कमी, आंबटपणा चांगला. म्हणजे तिखट लाल रश्श्यातल्या नदीच्या माशाला रेड चालते, फक्त ती अंगाने हलकी हवी.

कादार्का इथे शोधत बसू नका. आपल्याकडे त्या जागेवर मी अकलूजचीच सँजोवेझे नावाची रेड ठेवीन. कॅबरने आणि शिराझपेक्षा तिच्यात आंबटपणा उठून दिसतो, चेरीसारखी चव असते. ओकमध्ये मुरवलेली, 'रिझर्व्ह' लिहिलेली बाटली नको, साधीच घ्या. आणि ती गार करा. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला' हा सल्ला ज्या थंड मुलखात जन्मला तिथल्या खोल्यांसाठी तो ठीक आहे. मुलुंडच्या खोलीत तीस अंशाला रेड वाईन जड, उष्ण आणि औषधासारखी लागते. चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीला हात लावल्यावर गार लागली पाहिजे, गोठलेली नको. सासऱ्यांना ती मरळीच्या कालवणाबरोबरच द्या, चिलापीबरोबर नको. मनात धाकधूक असेल तर शिराझची रोझे घ्या. रंग गुलाबी, थोडा रेडचा बाज आणि तुरटपणा जवळजवळ नाही. रोझेला आपल्याकडे कुणी मोजत नाही, पण कोकम घातलेल्या माशासोबत मी तिच्याइतकी निर्धास्त वाईन पाहिलेली नाही.

हे सगळं माझ्या शब्दावर सोडू नका. पंधरा दिवस आधी अण्णांना फोनवर विचारून कालवणाचा नुसता रस्सा करा, मासा न घालता. तिखट, चिंच, मीठ त्यांच्या मापाने. दोन बाटल्या उघडा, शेनिन आणि सँजोवेझे. चमचाभर रस्सा, मग घोट, मग पुन्हा रस्सा. दुसऱ्यांदा रस्सा चाखताना तो आधीपेक्षा छान लागला की जोडी जमली. कडू, लोखंडी किंवा नुसता तिखट लागला तर नाही जमली. लोखंडी चवीची खात्री मात्र मासा असल्याशिवाय होत नाही, म्हणून मुलुंडच्या बाजारातून रोहूची एखादी तुकडी आणून त्या रश्श्यात शिजवा आणि रेड तिच्यासोबत पुन्हा चाखा. मोठ्या दिरांना त्या संध्याकाळी घरी बोलवा. शौकीन माणूस आहे, त्यांना मत विचारलंत तर ते तुमच्या बाजूने उभे राहतील, आणि पंचाहत्तरीच्या दिवशी पाहुण्यांना ही जोडी तेच समजावून सांगतील.

दुकानात जाल तेव्हा घाई करू नका. आपल्याकडे पाटी 'वाईन शॉप'ची असली तरी आत वाईनचा कोपरा लहान असतो, आणि कितीतरी ठिकाणी बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, उकाड्यात उभ्या असतात. व्हाइट वाईन अशी चार-सहा महिने राहिली की शिजते. रंग फिक्या पिवळ्यावरून चहाकडे झुकतो आणि चव उकडलेल्या सफरचंदासारखी होते. म्हणून फ्रिजमधली किंवा आतल्या गार जागेतली बाटली मागा. लेबलवर द्राक्षतोडीचं साल असेल तर गेल्या दोन वर्षांतलं बघा, या वाईन साठवून ठेवायच्या नसतात. बूच वर आलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असलेली बाटली परत करा. फिरकीचं झाकण बघून नाराज होऊ नका, व्हाइटला ते उत्तमच.

एका बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे बेताचे पाच पेले. दहांपैकी सात जण घेणारे धरले तर एक स्पार्कलिंग, दोन शेनिन आणि एक सँजोवेझे किंवा रोझे, अशा चार बाटल्या पुरतात. स्पार्कलिंग तुमच्या हजाराच्या थोडी वर जाईल, शेनिन खाली राहील, मेळ बसेल. व्हाइट आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी काढा, फार गोठलेल्या वाईनला वास येत नाही. ऐनवेळी फ्रिजमध्ये जागा नसेल तर स्टीलच्या बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला, वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर दुप्पट वेळ लागतो. जे घेत नाहीत त्यांच्यासाठी कोकमाचं सरबत करा, कमी साखरेचं, आणि तेही त्याच पेल्यांतून द्या. अण्णा घेत नसतील तर त्यांना आग्रह कुणी करू नये, हे तुमच्या यजमानांना आधीच सांगून ठेवा.

पानं वाढताना आधी चिलापी, मग रोहू आणि भात, शेवटी मरळीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. तिखट शेवटी आलं की आधीच्या वाइन्सची चव मारली जात नाही. कालवण अण्णांनाच वाढू द्या. कोणता तुकडा कुणाला, हे ज्याने मासा आणला त्याला सगळ्यात चांगलं ठाऊक असतं.

आणि शेनिनची अर्धी बाटली उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, ती दुसऱ्या दिवशी चांगली राहते. थोडं कालवणही बाजूला काढून ठेवा. रात्रभर मुरलेलं कालवण मंद आचेवर गरम करून, पाहुणे गेल्यावर, तुम्ही आणि सासूबाई दोघींनी बसून खा.